बोलायला काय शिकायचंय? बडोद्याची एक जुनी गोष्ट

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत शिक्षणाची एक ठरलेली उतरंड होती. हुशार मुलगा पॉलिटेक्निक नाहीतर इंजिनिअरिंगला, त्याहून हुशार मेडिकलला, माझ्यासारखा मधला कॉमर्सला, आणि कुठेच जमलं नाही तर आर्ट्स. मुलींसाठी होम सायन्स, म्हणजे स्थळं सांगून येईपर्यंतची सोय. दांडिया बाजार घ्या, रावपुरा घ्या की राजमहाल रोड, वाड्या-वाड्यांत हाच हिशोब. माझे आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते. त्यांच्या लेखी तर कचेरीत चिकटवणारं शिक्षण तेवढंच खरं.

यंदा माझ्या नातीने बारावीनंतर 'कम्युनिकेशन' घ्यायचं ठरवलं. वाणिज्य नको, विज्ञान नको, पदवीचा मुख्य विषयच हा. माझे थोरले बंधू वय वर्षं चौऱ्याऐंशी, कानाने अधू पण जिभेने शाबूत. ते म्हणाले, "बोलायला काय शिकायचंय? आपल्या घरात कोण मुकं आहे?" सगळे हसले. पण मुलीचं तोंड उतरलं. तिच्या आईने मला विचारलं, "बाबा, तुम्हीच सांगा, यात काही आहे का?" माझी सगळी हयात बँकेत गेली, तेव्हा मी याचा तज्ज्ञ नाही. मात्र हा विषय अमेरिकेहून परवा आला आणि टीव्हीवर चमकायला शिकवतो, असा जो समज आपल्यात आहे, तो बडोदेकरांना तरी शोभत नाही. कारण या विद्येची पाळंमुळं आपल्याच गावात, आपल्याच मराठी मंडळींच्या हातून रुजलेली आहेत. ते जेवढं मला ठाऊक आहे तेवढं लिहितो.

आधी शब्दाचं बघू. मराठीत याला 'संज्ञापन' म्हणतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विभागाच्या नावात तो शब्द आहे, बाहेर कोणाच्या तोंडी नाही. हिंदीवाले 'जनसंचार' म्हणतात. आपल्या कानाला संचार म्हटलं की एकतर अंगात येणं आठवतं नाहीतर संचारबंदी. गुजरातीत 'प्रत्यायन' असा शब्द आहे, आणि तिन्हींत तो मला सर्वात आवडतो. प्रत्यय येणं. बोलणारा बोलून मोकळा झाला एवढ्यावर भागत नाही, ऐकणाऱ्याला प्रत्यय आला पाहिजे. विषयाचं सगळं सार त्या एका शब्दात आहे.

आपल्या देशात याचं शिक्षण सुरू झालं ते वृत्तपत्रविद्या म्हणून. ॲनी बेझंट यांनी १९२० च्या सुमारास अड्यारला प्रयत्न केला, तो फार टिकला नाही. १९४१ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात प्रा. पी. पी. सिंग यांनी विभाग काढला. फाळणीनंतर तो दिल्लीत आला आणि पुढे चंदीगडला गेला. मग कलकत्ता, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज, १९५४ मध्ये हैदराबादचं उस्मानिया, १९६४ मध्ये पुणे. नागपूरला तर रोलंड वूल्झली नावाचे अमेरिकन प्राध्यापक शिकवायला आले होते. या सगळ्या ठिकाणी बातमी कशी लिहावी, मथळा कसा द्यावा, मुद्रितं कशी तपासावीत, हे मुख्य. ऑगस्ट १९६५ मध्ये दिल्लीला भारतीय जनसंचार संस्था निघाली, तेव्हा पाटीवर 'पत्रकारिता' नव्हे तर 'जनसंचार' आलं. खतं, कुटुंबनियोजन, लसीकरण या गोष्टी खेड्यात पोचवायच्या होत्या आणि खेड्यातला माणूस वर्तमानपत्र वाचत नव्हता. त्यामुळे पत्रकार पुरेना, संज्ञापक हवा झाला.

बडोद्याला मात्र हा प्रश्न साठ वर्षं आधी पडला होता.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे आपण शाळेत पाठ केलेलं आहे. पुढचा भाग कोणी पाठ करत नाही. सक्तीने चार इयत्ता शिकलेला मुलगा शेतात गेला की दोन-तीन वर्षांत अक्षर विसरतो, मग खर्च केलेला पैसा पाण्यात. (हे महाराजांच्या बाजूने मी बँकवाल्याच्या भाषेत मांडतोय.) महाराज अमेरिकेत फिरून आले होते, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवनहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून आणलं. बॉर्डन साहेब तीनेक वर्षं राहिले. तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय बसवलं, १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग काढला आणि गावोगाव वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. गावकऱ्यांनी एक वाटा जमवायचा, तेवढाच पंचायतीने घालायचा आणि तेवढाच सरकारने. फुकट काही नाही. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. ज्याचे चार पैसे अडकलेत तो वाचनालयाला कुलूप लागू देत नाही.

जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्या जायच्या. मजबूत पेटी, आत वीस-पंचवीस पुस्तकं, नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. गावाने वाचून परत पाठवायची, मग दुसरी पेटी. आणि ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याने स्वतंत्र शाखाच काढली, दृश्य शिक्षणाची. मॅजिक लँटर्नच्या काचा, दोन डोळ्यांनी बघायची स्टिरिओस्कोपची चित्रं आणि सिनेमाचं यंत्र घेऊन माणसं गावात जायची, रात्री पडदा बांधून फुकट दाखवायची. काळ बघा, पहिलं महायुद्धही सुरू झालेलं नव्हतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच सुमाराला आपलं संस्थान खेड्यातल्या निरक्षर माणसाला पडद्यावरून काय शिकवता येईल याचा सरकारी खात्यामार्फत विचार करत होतं.

बॉर्डन गेल्यावर हा व्याप सांभाळला जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी. आपले मराठी गृहस्थ. या चळवळीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. नाव आज बडोद्यातही कोणाला माहीत नसतं. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिक निघत असे, भारतातलं ग्रंथालयांविषयीचं पहिलं नियतकालिक. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असायचं. तीन भाषा का? तर संस्थानातली रयत मुख्यतः गुजराती, दरबारी आणि नोकरदार मंडळींत मराठी पुष्कळ, आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार इंग्रजीत. एका भाषेत छापलं की दोघे सुटतात, हे त्यांना पक्कं कळलं होतं. पुढे १९३१ मध्ये 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु' निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द, एकूण आठ भाषांचा कोश. कचेरीचा हुकूम रयतेला कळावा म्हणून एवढी यातायात करणारं दुसरं संस्थान मला तरी ठाऊक नाही.

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरशीचे मजले आपण सगळ्यांनी लहानपणी पाय जपून टाकत पाहिलेत. त्या इमारतीकडे आपण 'पुस्तकांची जागा' म्हणून बघतो. खरं म्हणजे तिथून बाहेर जाणाऱ्या पेट्या हे तिचं मोठं काम होतं.

आता विद्यापीठाकडे येऊ. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. त्यांचे वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण होते. हंसाबेन मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या समितीवर भारतातर्फे होत्या आणि पहिल्याच कलमातले 'ऑल मेन' हे शब्द बदलून तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं ते त्यांच्या आग्रहामुळे, हे आता बऱ्याच जणांना कळलंय. पण याच बाईंनी तरुणपणी इंग्लंडमध्ये वृत्तपत्रविद्या आणि समाजशास्त्र शिकलं होतं, हे सहसा कोणी सांगत नाही. एका शब्दाने निम्मी माणसं बाहेर राहतात हे ज्यांच्या लक्षात आलं, त्या बाई ही विद्या शिकलेल्या होत्या. आमच्या थोरल्या बंधूंना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "ती हुशारच होती." म्हणजे अभ्यासाला श्रेय नाहीच!

हंसाबेनच्या कारकिर्दीत होम सायन्स फॅकल्टी उभी राहिली. गावाने तिला 'रांधण-वाढण कॉलेज' म्हणून हिणवलं, आपणही त्यात होतोच. तिथे आहार, बालविकास, वस्त्रं, गृहव्यवस्था या विभागांबरोबर एक विभाग होता एक्स्टेन्शनचा, म्हणजे विस्ताराचा. पुढे त्याच्या नावात 'कम्युनिकेशन' हा शब्दही आला. वर्गात शिकलेलं आहारशास्त्र खेड्यातल्या बाईपर्यंत न्यायचं कसं, हा त्या विभागाचा प्रश्न.

माझी आतेबहीण तिथे शिकली. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. साठच्या दशकात ती आठवड्यातून एक दिवस पिशवी घेऊन बसने आजूबाजूच्या गावांत जायची. पिशवीत काय, तर फ्लॅनेलचं कापड आणि पाठीमागे खरखरीत कागद लावलेली चित्रं. भिंतीवर कापड टांगायचं आणि गोष्ट सांगत सांगत एकेक चित्र त्यावर चिकटवायचं. याला फ्लॅनेलग्राफ म्हणतात. हातात धरायचे फ्लॅश कार्ड, जुन्या मोज्यांच्या बाहुल्या, हाताने रंगवलेली पोस्टरं. आत्या वैतागायची, "एवढे पैसे भरून बालवाडी शिकतेय."

ताईने सांगितलेली एक गोष्ट मी आजवर शंभर जणांना सांगितली असेल. तिने घाण पाण्याचं चित्र काढलं होतं. एका बाजूला डबकं, दुसरीकडे आजारी मूल, आणि डबक्यापासून मुलापर्यंत एक जाड बाण. आपल्याला त्याचा अर्थ लगेच कळतो. गावातल्या बायका बराच वेळ बघत राहिल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "छोकराला तीर कोणी मारला?" बाकीच्याही तेच शोधत होत्या, मारणारा कुठे दिसेना. बाण म्हणजे 'इकडून तिकडे' ही खूण शाळेत गेलेल्यांची आहे, सर्वांची नाही. ताई रडवेली होऊन परत आली. तिच्या बाईंनी तिला एकच विचारलं, "चित्र कोणाला कळायला हवं होतं, तुला की त्यांना?" पुढच्या आठवड्यात तिने बाण काढून टाकला आणि तीन वेगळी चित्रं केली: डबकं, त्यात भरलेला घडा, घड्यातून पाणी पिणारं मूल. आता सांगा, ही बालवाडी आहे का? आम्हाला कॉमर्सला व्यापारी पत्रव्यवहार होता. 'आपले दिनांक अमुकचे पत्र पोचले' इथून सुरुवात करायला शिकवायचे. पत्र पोचलं, पण मजकूर पोचला का, हे आम्हाला कधी कोणी विचारलं नाही.

मी बँकेत लागलो ते १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर. खेड्यात शाखा काढायचा सपाटा होता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात माझी नेमणूक चरोतरात झाली, खेडा जिल्ह्यातल्या एका गावी. आणि तिथे मला या विद्येचं दुसरं रूप बघायला मिळालं.

१ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह, कार्यक्रम आपले, सहा राज्यांतली सुमारे चोवीसशे गावं. विक्रम साराभाईंचं हे स्वप्न, ते स्वतः १९७१ मध्येच गेले. प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते डॉ. एकनाथ चिटणीस, कोल्हापूरचे. गुजरात त्या सहा राज्यांत नव्हता. पण अहमदाबादच्या अवकाश केंद्राने खेडा जिल्ह्यात पीज या गावी छोटं प्रक्षेपण केंद्र उभारलं आणि तिथून रोज संध्याकाळी फक्त त्या भागासाठी कार्यक्रम व्हायचे. गावोगाव सार्वजनिक टीव्ही संच दिले, बरेचसे दूध मंडळीच्या इमारतीत. संध्याकाळचं दूध भरायला सगळं गाव तिथे येतंच, जागा अचूक निवडली होती.

आमच्या गावीही होता. मी एकटा जीव, खोलीवर जाऊन करणार काय, मीही जाऊन बसायचो. दुधाच्या कॅनचा वास, जमिनीवर मुलं, मागे पुरुष उभे, बायका दाराशी. 'चतुर मोटा', 'दाद फरियाद' अशा मालिका असत. बोली तिथलीच, चरोतरी. मुंबई-दिल्लीच्या टीव्हीसारखं शुद्ध काही नाही. हुंडा, अस्पृश्यता, शेतमजुरांची मजुरी, सरकारी कचेऱ्यांतली दिरंगाई, हे विषय नावानिशी नसले तरी गावाला ओळखू येतील असे. करणारी मंडळी आधी गावात येऊन राहत, लोकांशी बोलत, कार्यक्रम झाल्यावर परत विचारायला येत: कळलं का, पटलं का, खोटं काय वाटलं? कार्यक्रम संपला की मागे उभ्या पुरुषांत कुजबूज व्हायची. काही मोठ्या शेतकऱ्यांना ते आवडत नसे, हेही मी पाहिलंय.

तेव्हा चार टक्के व्याजाची डी.आर.आय. योजना होती, अगदी गरिबांसाठी. आमच्या शाखेत तिची पत्रकं गठ्ठ्याने पडून. कोणी मागायला येत नसे, आणि वरून पत्र यायचं की उद्दिष्ट का गाठलं नाही. एके दिवशी एक शेतमजूर बाई काउंटरसमोर आली आणि म्हणाली, म्हैस घ्यायचीय, कर्ज माझ्या नावावर पाहिजे, नवऱ्याच्या नाही. मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तिने दूध मंडळीच्या दिशेने बोट केलं. टीव्हीवरच्या एका बाईने तसं केलेलं तिने पाहिलं होतं. आमचं छापील पत्रक वर्षभर पडून होतं, आणि जे पोचलं ते त्या पडद्यावरून. तिला कर्ज मिळालं, अंगठा घेऊन. हप्ते वेळेवर भरायची, हे सांगितलंच पाहिजे.

खेडा प्रकल्पाला पुढे युनेस्कोचं ग्रामीण संज्ञापनाचं पारितोषिक मिळालं. आणि १९८५ मध्ये पीजचं केंद्र बंद झालं. दिल्लीहून सगळ्या देशाला एकच कार्यक्रम दाखवायचे दिवस आले होते, १९८२ च्या एशियाडपासून रंगीत टीव्हीही आला होता. चरोतरी बोलीला त्यात जागा नव्हती.

त्यानंतर या शिक्षणाचं वळण बदललं. १९९१ मध्ये अहमदाबादला जाहिरात आणि विपणनासाठी मायका ही संस्था निघाली, त्याच सुमारास केबल आलं, आणि 'कम्युनिकेशन' म्हणजे जाहिरात, जनसंपर्क, अँकरिंग अशी ओळख झाली. त्यात वाईट काही नाही, पोट भरायला हवंच. पण बऱ्याच महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका नातीसाठी मी चाळल्या. स्टुडिओचे फोटो भरपूर, कॅमेरे किती ते लिहिलेलं. विद्यार्थ्यांना बाहेर माणसांत कधी नेता, हे दोन ठिकाणीच सापडलं. आणि भाषा? सगळीकडे इंग्रजी, क्वचित गुजराती. 'लायब्ररी मिसेलनी'त मराठीला एक हिस्सा होता, आज बडोद्यात हा विषय मराठीतून शिकायचा तर सोयच नाही. मी मुलीला सांगितलं, कॅमेऱ्यांची संख्या नको विचारू. आठवड्यातून किती दिवस वर्गाबाहेर नेतात आणि काम कोणत्या भाषेत करू देतात, ते विचार. दोन्ही प्रश्न तिने प्रवेशाच्या मुलाखतीत विचारले आणि उत्तरं ऐकून एक महाविद्यालय सोडलं.

हे सगळं आता का सांगतोय, तर आपल्या समाजातल्या तीन ज्येष्ठांचे पैसे या वर्षभरात फोनवरच्या भामट्यांनी नेले. मला माहीत आहेत ते तीन, न सांगणारे किती असतील देव जाणे. त्यातल्या एक आजी निवृत्त शिक्षिका. बँकेचे सावधगिरीचे संदेश त्यांच्या फोनमध्ये होते, सगळे. मी स्वतः पाहिले, इंग्रजीत, आद्याक्षरांनी भरलेले. 'ओटीपी कोणाला देऊ नका' हे त्यांनी वाचलं होतं. पण समोरचा 'पडताळणी क्रमांक' मागत होता, ओटीपी नव्हे. त्यांनी तो दिला. पत्र पोचलं होतं, मंडळी.

नातीला पहिल्या सत्रात काम दिलंय: घरातल्या एका वृद्ध व्यक्तीला कळेल असं एखादं माहितीपत्रक तयार करायचं. तिने हाच विषय घेतला, मराठीत आणि गुजरातीत, आणि ताईकडे घेऊन गेली. ताई आता ऐंशीला टेकली, प्रतापनगरला असते. तिने चष्मा लावून पत्रक दोनदा पाहिलं. फोनचं चित्र, बँकेचं चित्र, मध्ये बाण. ताई एवढंच म्हणाली, "हा तीर कोणी मारला?" आणि कपाटावरची जुनी पत्र्याची पेटी काढायला लावली. फ्लॅनेलचं कापड कसरीने खाल्लंय, पण चित्रं बरीचशी शाबूत आहेत.

मुलीने त्यांचे फोटो काढलेत. तिचं नवं पत्रक झालं की इथे टाकेन. आपल्या घरी वयस्कर माणसं असतील त्यांना दाखवा आणि काय कळलं नाही ते मला कळवा. आणि कोणाच्या माळ्यावर 'लायब्ररी मिसेलनी'चे जुने अंक असतील तर रद्दीत देऊ नका, मी रिक्षा करून न्यायला येतो.